आजींचा खोकला आणि तुझा बॅक

पत्र

मॅडम, मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. बी. फार्मचं तिसरं वर्ष चालू आहे. चौथ्या सेमला फार्माकॉलॉजीचा पहिला पेपर राहिला, अकरा मार्कांनी. आता पाचव्या सेमचा दुसरा पेपर आणि तो बॅक, दोन्ही एकदम आलेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम. नोट्स पाठ करते. रात्री येतं, सकाळी जातं. ड्रग्सची नावं एकमेकांत मिसळतात. संध्याकाळी मामांच्या मेडिकलवर बसते. कोणती गोळी कोणत्या खणात, हे डोळे मिटून सांगेन. पण त्याच गोळीचा मेकॅनिझम विचारला की ब्लँक होते. केमिस्ट्री बरी जमते, म्हणजे डोकंच नाही असंही नाही. वर्गातले म्हणतात, हा पाठांतराचा विषय, ज्याची मेमरी चांगली तो पास. खरंच तसं आहे का? याच्या नादी न लागता पुढे क्यूए (औषधांच्या दर्जाचं काम) वगैरे करावं का?

घरी आजी वेगळीच चिडवते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिची बीपीची गोळी बदलून रामिप्रिल दिली. बीपी आता छान आहे, पण कोरडा खोकला हटत नाही. मेडिकलवरून सिरपच्या तीन बाटल्या आणून दिल्या. ती म्हणते, "एवढी फार्मशी शिकू राहिली, अन् माह्या खोकल्याले औषध नाही तुह्यापाशी."
– क., बुलढाणा जिल्हा

उत्तर

प्रिय क.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बॅक दिसला, दुसऱ्यांदा आजी दिसल्या. उत्तर आजींपासून सुरू करते. तुझ्या पेपरला अजून वेळ आहे, त्यांना आज रात्री झोपायचं आहे.

रामिप्रिल काय करते ते मराठीत सांगते. शरीरात एक एन्झाइम आहे, तुम्ही त्याला एसीई म्हणता. त्याच्याकडे दोन कामं आहेत. एक, अँजिओटेन्सिन-१ चं अँजिओटेन्सिन-२ करायचं; हे दुसरं रक्तवाहिन्या आवळतं. दोन, ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचे तुकडे पाडून तो निकामी करायचा. रामिप्रिल या एन्झाइमचे हात बांधते. पहिलं काम थांबलं, वाहिन्या सैलावल्या, आजींचं बीपी उतरलं. पण हात बांधलेत म्हटल्यावर दुसरं कामही थांबणारच. ब्रॅडिकायनिन तुटेना, साचत गेलं, आणि श्वासमार्गातल्या संवेदी नसांना डिवचत बसलं. घशात कुसकुस, कोरडी ढास, ना कफ ना ताप, आणि रात्री आडवं झालं की जास्त. या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या शंभरातल्या पाच ते वीस जणांना असा खोकला होतो, बायकांना थोडा अधिकच. गोळी सुरू झाल्यावर आठवड्यात होतो, कधी काही महिन्यांनीही उगवतो. त्याला सिरप फारसं जुमानत नाही, हे तुझ्या तीन बाटल्यांनी सिद्ध केलंच आहे.

आता तुझ्या मनात "-सार्टन" यायला हवं. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधं एन्झाइमच्या वाटेला जात नाहीत. अँजिओटेन्सिन-२ ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, ती जागाच अडवतात. एन्झाइमचे हात मोकळे, ब्रॅडिकायनिन नेहमीसारखं तुटत राहतं, म्हणून खोकला सहसा होत नाही. डॉक्टर बहुधा याच वाटेने जातील. पण निर्णय त्यांचा. तू किंवा मामांनी परस्पर पट्टी बदलायची नाही, आणि गोळी बंद तर मुळीच करायची नाही, बीपी उसळेल. खोकल्याला दुसरीही कारणं असतात. इतके आठवडे खोकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची छाती डॉक्टरांनी तपासायलाच हवी. आणि ओठ, जीभ किंवा चेहरा सुजल्यासारखा वाटला तर सकाळची वाट न बघता थेट दवाखाना. तो प्रकार विरळा, पण मूळ तेच ब्रॅडिकायनिन.

हे सगळं तुझ्या पाचव्या सेमच्या अभ्यासक्रमात आहे. तुझ्या वहीतही असणार, "साइड इफेक्ट: ड्राय कफ, हायपरकॅलेमिया, अँजिओएडिमा" असं एका ओळीत. तू ती ओळ घोकत होतीस आणि भिंतीपलीकडे तीच ओळ खोकत होती.

रागावू नकोस. हे बोलायचा मला हक्क आहे, कारण हीच चूक मी तुझ्या चाळीस वर्षं आधी करून ठेवली आहे. १९८३ साल, मुंबई, आमची तोंडी परीक्षा. परीक्षकांनी रिसर्पीन विचारलं. मी सुटलेच. सर्पगंधेच्या मुळीतलं औषध, मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवरचा आपला अनुभव छापला आणि बाहेरच्या डॉक्टरांचं या मुळीकडे लक्ष गेलं, इथपासून सुरुवात. मग मेकॅनिझम: नसांच्या टोकांशी नॉरॲड्रिनॅलिन ज्या इवल्या पिशव्यांत साठतं, त्या पिशव्या रिसर्पीन भरू देत नाही, साठा आटतो, बीपी उतरतं. मेंदूतही तेच, तिथे सेरोटोनिन, डोपामिन सगळंच आटतं. साइड इफेक्ट? "नाक चोंदणं, जुलाब, सुस्ती, डिप्रेशन." उत्तम, म्हणाले. मग सहज विचारलं, "घरी कुणाला बीपी आहे? काय घेतात?" म्हटलं, "वडिलांना आहे. छोटी पांढरी गोळी घेतात." "नाव?" मला नाव माहीत नव्हतं.

घरी येऊन गोळ्यांचा डबा उघडला. त्या गोळीत रिसर्पीन होतं.

वडील तेव्हा कितीतरी महिने गप्प गप्प असायचे. जेवणात लक्ष नाही, खिडकीशी बसून राहायचे. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, ते गिरणीत होते, त्यामुळे घरात सगळ्यांनी तो गप्पपणा संपाच्या खात्यावर टाकला होता. संपच असेल कदाचित. गोळीमुळेच झालं असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. नंतर डॉक्टरांनी गोळी बदलली, वडील थोडं बोलायला लागले. तोवर दुसरीकडे छोटी नोकरीही मिळाली होती. पण डॉक्टरांना विचारण्याइतकी माहिती त्या घरात फक्त माझ्याकडे होती, आणि ती वहीत होती.

आता तुझा प्रश्न. पाठांतर लागतं का? लागतं. काही डोस, काही नावं, काही अपवाद घोकल्याशिवाय येत नाहीत. "समजून घ्या, पाठ करू नका" एवढंच सांगून जो निघून जातो, त्याने हा पेपर स्वतः दिलेला नसतो. फक्त घोकायचं ते शेवटी, आणि थोडं. औषध शरीरात नवं काही घडवत नाही. जे काम शरीर आधीपासून करतंय, ते वाढवतं किंवा कमी करतं. (जंतूंवरची औषधं सहाव्या सेमला येतील; तिथे काम जंतूचं, बाकी हिशेब तोच.) आणि साइड इफेक्ट म्हणजे बहुतेक वेळा तेच काम, आपल्याला नको त्या ठिकाणी. मूळ काम माहीत नसेल तर औषधाचं वाक्य अधांतरी लटकतं आणि सकाळपर्यंत गळून पडतं. म्हणून तुझा बॅक कागदावर चौथ्या सेमचा असला, तरी माझ्या मते त्याची मुळं पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीत आहेत. तो पेपर तू पास झालीस आणि पुस्तक ज्युनिअरला विकून टाकलंस. बरोबर ना? ते परत मिळव.

चौथ्या सेमला बहुतेकांची बैलगाडी ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिमच्या, म्हणजे हृदय, आतडी, घाम हे आपल्याला न विचारता सांभाळणाऱ्या नसांच्या, चिखलात रुतते. अल्फा-१, बीटा-१, बीटा-२, मस्करिनिक, निकोटिनिक अशी रिसेप्टरांची नावं; तक्ता पाठ करावा आणि परीक्षेत डावी बाजू उजवीकडे जावी. मी हा तक्ता वर्गात वाक्प्रचारांतून शिकवायचे, आणि मराठी माध्यमाच्या मुलांचं तिथे इंग्रजीवाल्यांपेक्षा चांगलं जमायचं. समज, बांधावर साप आडवा आला. छातीत धडधडतं: हृदयावरचे बीटा-१. अंगावर काटा येतो: केसांच्या मुळाशी असलेल्या स्नायूंवरचे अल्फा-१. हातपाय गार पडतात: कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या, पुन्हा अल्फा-१. डोळे विस्फारतात: बाहुली रुंद करणारा स्नायू, तोही अल्फा-१. हात थरथरतात: हातापायाच्या स्नायूंवरचे बीटा-२. तोंडचं पाणी पळतं. पळायचं तर हवा लागणार, म्हणून श्वासनलिका रुंदावतात: बीटा-२, याला मात्र मला वाक्प्रचार सापडलेला नाही, तुला सुचला तर कळव. आणि दरदरून घाम फुटतो.

इथे थांब. घाम फोडणाऱ्या नसा सिम्पथेटिकच्याच, म्हणजे साप दिसल्यावर धावणाऱ्या याच बाजूच्या. पण त्यांच्या टोकाशी नॉरॲड्रिनॅलिनऐवजी ॲसिटिलकोलीन निघतं आणि ते मस्करिनिक रिसेप्टरवर बसतं. हा अपवाद घोकायचा. पुढे तो कामाला येतो.

आता या सापावर औषधं ठेवून बघ. साल्ब्युटामॉल बीटा-२ चं काम वाढवतं. श्वासनलिका उघडते, दम लागणं कमी होतं. आणि इनहेलरचे जास्त पफ घेतले की हात थरथरतात. थरथर वेगळी पाठ करायला लागली का? प्रोप्रॅनोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवतं. धडधड थांबते. थरथर थांबते, म्हणून हाताच्या कंपावर देतात. श्वासनलिका आवळते, म्हणून दमेकऱ्याला देत नाहीत. आता इन्सुलिन घेणारा माणूस प्रोप्रॅनोलॉलवर आहे आणि दुपारचं जेवण चुकलं. साखर उतरली. शरीर एरवी धडधड, थरथर, घाम अशी तिन्ही घंटा वाजवतं. इथे पहिल्या दोन वाजतच नाहीत. घाम तेवढा फुटतो. का फुटतो, ते वरचा परिच्छेद झाकून वहीत लिही. लिहिता आलं तर चौथ्या सेमचा निम्मा चिखल तू ओलांडलास.

दुसरी बाजू तोंडाला पाणी सुटण्याची: पॅरासिम्पथेटिक. साप गेला, माणूस घरी आला, जेवला, ओसरीवर आडवा झाला. नाडी मंद, आतडी कामाला, लाळ सुटलेली, बाहुल्या लहान. हीच बाजू हाताबाहेर गेली की काय होतं, ते विदर्भाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यात आले, काही दगावले. फवारणीच्या औषधांतला एक मोठा गट ऑर्गॅनोफॉस्फरसचा. ॲसिटिलकोलीन तोडणारं जे एन्झाइम, त्यालाच ही औषधं जखडून टाकतात. तोडणारा थांबला की साचणारं साचतं. आजींच्या खोकल्याचंच गणित, इथे मात्र जिवावर बेतणारं. लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंदावलेली नाडी, छातीत घरघर. ॲट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टर अडवतं. छातीतली घरघर सुकेपर्यंत ते पुन्हा पुन्हा देतात. स्नायूंची फडफड आणि लुळेपणा मात्र त्याने जात नाही, कारण स्नायूंवरचे रिसेप्टर निकोटिनिक. त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम, आणि तेही लवकर, विषाची एन्झाइमवरची पकड कायमची घट्ट होण्याआधी.

आणि याच्या नेमकं उलटं चित्र त्याच शेताच्या बांधावर उगवलेलं असतं. धोत्रा. त्यात ॲट्रोपिन आणि त्याच्या भाऊबंदांचीच द्रव्यं आहेत. चुकून पोटात गेला की तोंड कोरडं ठक्क, बाहुल्या मोठाल्या, अंग तापलेलं, लघवी तुंबलेली, माणूस बरळतोय. वहीचं एक पान मधोमध दुमड. डावीकडे फवारणीवाला माणूस काढ, उजवीकडे धोत्रा खाल्लेला. एक सगळा ओला, एक सगळा कोरडा. चित्रं वेडीवाकडी आली तरी चालतील, माझीही तशीच यायची.

इंग्रजीबद्दल थोडं. औषधं शेकड्यांनी आहेत, क्रियापदं जेमतेम डझनभर. ब्लॉक करणं, स्टिम्युलेट करणं, इनहिबिट करणं, रिलीज वाढवणं, रिअपटेक थांबवणं, साठा रिकामा करणं, चॅनल उघडणं, चॅनल बंद करणं. अजून तीन-चार शोधलीस की संपली. आधी मराठीत एक वाक्य कर: कोण, कुठे, काय करतं, मग काय होतं. ते आजींना सांगून बघ. त्यांना पटलं तर त्याच वाक्याचं इंग्रजी कर, आणि पेपरात तेच लिही. परीक्षक साध्या इंग्रजीचे मार्क कापत नाहीत. पाठ केलेलं अर्धं वाक्य विसरल्यावर जे लिहिलं जातं, त्याचे कापतात.

नावं मिसळतात म्हणतेस. नावाचं शेपूट बघायची सवय लाव. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या जेनेरिक नावांची पहिली यादी १९५३ साली छापली, आणि एका कुळातल्या औषधांना एकच शेपूट हा त्या पद्धतीचा गाभा. -प्रिल, -सार्टन, -डिपिन, -ओलोल, -प्राझोल, -ग्लिप्टिन. दहा-पंधरा शेपटं आली की निम्मी यादी ओळखीची वाटायला लागते. थोडे फसवेही आहेत. पँटोप्राझोल पित्तावरचं, ॲरिपिप्राझोल मात्र मनोविकारावरचं. नीट वाच, त्याचं शेपूट -पिप्राझोल आहे. ॲटोर्व्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलचं, निस्टॅटिन बुरशीवरचं. फसव्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर. तोंडी परीक्षेला त्यांचं फार प्रेम असतं.

आता मामांचं मेडिकल. वर्गात बहुतेकांकडे नाही अशी गोष्ट तुझ्याकडे आहे आणि तू तिला अभ्यासातच धरत नाहीस. गर्दी ओसरली की रोज पाच पट्ट्या काढ. ब्रँडचं नाव अंगठ्याने झाक. खालच्या बारीक अक्षरांतलं जेनेरिक नाव वहीत उतरव, त्याचं शेपूट, आणि ते शरीरातलं कोणतं काम वाढवतं किंवा कमी करतं, एवढंच. मामांचे खण कंपनीनुसार किंवा अक्षरानुसार असतील. तुझ्या वहीतले खण रिसेप्टर आणि एन्झाइमनुसार लाव. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी अशी तिघं एकाच गोळीत सापडतील. तीन जणांनी बीपीला तीन वेगवेगळ्या बाजूंनी धरलंय, कोणी कुठून ते लिही. "ही नवीन गोळी घेतल्यापासून पावलं सुजतात हो" असं कुणी म्हणालं तर ॲम्लोडिपिन आठव, आणि गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे पाठव. सल्ला तू द्यायचा नाहीस. अजून तू नोंदणीकृत फार्मासिस्ट नाहीस, काउंटरवर मामा आहेत. तुझं काम ऐकायचं.

त्या सिरपच्या बाटल्याही वाच. एखादीत ब्रोमहेक्झिन किंवा ॲम्ब्रोक्सॉल निघेल. तुमच्या परसातला अडुळसा त्यात आहे: अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन घडवलं, आणि ब्रोमहेक्झिनचं शरीरात जे होतं त्यातलंच एक ॲम्ब्रोक्सॉल. ही द्रव्यं चिकट कफ पातळ करतात. आजींना कफच नव्हता.

केमिस्ट्री जमते म्हणालीस, त्याचा आनंद झाला, कारण तुझी वाट तिथूनही जाते. आजींच्या गोळीचा पूर्वज पुन्हा एक सापच. ब्राझीलमधल्या जराराका जातीच्या विषारी सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारं काहीतरी आहे, हे तिथल्या सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ साली दाखवलं. ते काहीतरी म्हणजे एसीईला अडवणारी पेप्टाइडं, प्रोटीनसारख्याच पण आखूड साखळ्या. पण पेप्टाइड पोटातून दिलं की पचून जातं, गोळी होत नाही. पुढे स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी विचार केला की या एन्झाइमच्या मर्मस्थानी झिंकचा अणू आहे, तर त्याला पकडेल असा गट छोट्या रेणूला जोडू. त्यांनी थायॉल हा गंधकाचा गट जोडला. ते कॅप्टोप्रिल, अमेरिकेत १९८१ साली मान्यता मिळालेलं. थायॉलबरोबर अंगावर पुरळ आणि तोंडाची चव जाणं हीही दुखणी आली, म्हणून नंतर एनालाप्रिलच्या वेळी त्या जागी कार्बॉक्सिल आला, आणि तो आतड्यातून नीट शोषला जावा म्हणून त्याचा एस्टर केला. रामिप्रिलही तसंच: गिळतो ते एस्टर, काम करतं ते यकृतातून बाहेर पडलेलं रामिप्रिलॅट. खोकला मात्र सगळ्यांत राहिला, कारण हात त्याच एन्झाइमचे बांधलेत. मेडिसिनल केमिस्ट्री आणि फार्माकॉलॉजी या दोन वह्या तू वेगळ्या ठेवल्यास, ही शिक्षणाची सोय आहे. औषध दोन्हींत तेच आहे.

कायनेटिक्सची, म्हणजे औषध शरीरात किती वेळ किती राहतं त्याची, सूत्रं फार गणिती वाटत असतील तर थायरॉइडच्या गोळीपासून सुरुवात कर. लेव्होथायरॉक्सिनची हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण सात दिवस. रक्तातली पातळी स्थिर व्हायला चार-पाच हाफ-लाइफ लागतात. आता गुणाकार कर आणि सांग, डॉक्टर डोस बदलल्यावर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी सहा आठवड्यांनी का करायला सांगतात, आणि आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणत आलेल्या बाईंचं काय चुकतंय. बाकी सूत्रं याच्या मागोमाग येतील.

पेपराचं थोडक्यात: पंचाहत्तरपैकी पस्तीस मार्क पाच-पाच मार्कांच्या छोट्या उत्तरांत असतात, दहा मार्कांचे दोनच प्रश्न सोडवायचे असतात. मुलं मोठ्या प्रश्नांच्या मागे लागतात आणि छोट्यांत मार खातात. प्रत्येक छोट्या उत्तरात एक आकृती काढ, बाणांची. पहिल्या पेपराचा बॅक आणि दुसरा पेपर वेगवेगळ्या दिवसांत वाटू नकोस. दुसऱ्यातली बीपीची आणि हृदयाची औषधं वाचताना पहिल्यातलं ऑटोनॉमिक आपोआप निघतं. एकाच टेबलावर दोन्ही वह्या उघड्या ठेव.

प्रॅक्टिकलला तुम्ही आता कॉम्प्युटरवर बेडूक बघता. आम्ही खरा बघितला. ड्रमवर गुंडाळलेला कागद धुरावर धरून काजळी चढवायची, बेडकाच्या पोटाचा स्नायू द्रावणात टांगायचा, ॲसिटिलकोलीनचा थेंब टाकला की स्नायू आक्रसायचा आणि काजळीवर पांढरी रेघ चढायची. कपडे काळे, नाक काळं, आणि रेघ वाळायच्या आत कुणाचा तरी कोपर लागून पुसलेली. ते गेलं ते बेडकांच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण त्यात एक होतं: थेंब टाकायच्या आधी सर विचारायचे, "रेघ वर जाईल की खाली?" तू तेवढं कर. क्लिक करायच्या आधी वहीत बाण काढ, वर किंवा खाली. मग क्लिक.

क्यूएचं म्हणशील तर ते चांगलं क्षेत्र आहे आणि तिथे माझे बरेच विद्यार्थी आहेत. पण फार्माकॉलॉजीला घाबरून तिकडे जाऊ नकोस. केमिस्ट्री आवडते म्हणून जा, आणि तो निर्णय सहावं सेम झाल्यावर घे. मधल्या काळात फार्माकोव्हिजिलन्स हा शब्द शोधून ठेव. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा आपला राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून त्याचं काम चालतं. त्यांचा फॉर्म उतरवून घे आणि आजींच्या खोकल्यासाठी भरून बघ: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, त्रास कधी सुरू. तपासायला डॉक्टरांना दाखव. त्यांना खोकला गोळीचाच वाटला तर तो खरोखर पाठवताही येईल.

तर या आठवड्यात आजींना डॉक्टरांकडे घेऊन जा. रामिप्रिलची पट्टी, आधीच्या गोळीचं रिकामं पाकीट सापडलं तर तेही, आणि सिरपच्या तिन्ही बाटल्या पिशवीत घाल. "बीपीची गोळी बदलल्यानंतर किती दिवसांनी खोकला सुरू झाला" हे आजींना आधीच विचारून ठेव. दवाखान्यात त्या बीपी सोडून गुडघ्यांबद्दल बोलतील. डॉक्टरांनी गोळी बदलली तर खोकला दुसऱ्या दिवशी थांबेल अशी आशा धरू नका, बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो. त्या दिवसापासून कॅलेंडरवर रोज रात्री किती वेळा ढास लागली ते मांड. महिन्याने मला ते आकडे पाठव, कमी झाले तरी आणि नाही झाले तरी.